आमच्या पत्त्यावर टपाल आणा : डाक विभागाच्या प्रवर अधीक्षकांना खुले पत्र

मा. प्रवर अधीक्षक यांस,
सविनय नमस्कार.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या माहेरच्या गावी तलाठ्यांनी फायलीतून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. पाकीट माझ्याच नावाचं होतं. खाकी, सरकारी, कोपऱ्यात रजिस्टरचं बारकोड स्टिकर, आणि मध्ये निळ्या शाईत माझा पत्ता: सदनिका क्रमांक, विंग, संकुलाचं नाव, गट नंबर, रस्ता, गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड. नऊ गोष्टी होत्या, एकही सुटलेली नव्हती. त्या पत्त्यावर तिरकी रेघ मारून बॉलपेनने लिहिलं होतं, ‘पत्ता अपूर्ण, परत’. खाली वाचता न येणारी सही. तारीख नाही, वेळ नाही.

पाकिटात फेरफाराची नोटीस होती. आई गेल्यावर तिच्या जमिनीला आम्हा भावंडांची वारस म्हणून नावं लागायची होती. जमीन तीन गटांत आहे. दोन गटांत माझं नाव लागलं, तिसऱ्यात लिहिताना सुटलं. कुणाच्या मनात काही नव्हतं. ऑनलाइन सातबारा काढल्यावर ते पहिल्यांदा माझ्या भावाच्याच लक्षात आलं आणि त्यानेच मला फोन केला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या 150 व्या कलमाप्रमाणे अशा नोंदीची प्रत चावडीवर लावतात आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी नोटीस पाठवतात. हरकतीला पंधरा दिवस मिळतात. नोटीस माझ्या हातात पडली असती तर एका साध्या अर्जात काम झालं असतं. पाकीट आषाढात इथवर येऊन परत गेलं, आणि चावडीवरचा कागद मी इतक्या लांबून वाचणार कसा? मुदत संपली, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. आता प्रांतांकडे अपील करायचं आहे. अपिलाचे साठ दिवसही उलटून गेल्यामुळे आधी विलंब माफीचा अर्ज, मग सुनावणी, मग तारखा. माझं वय 63 आहे. गुडघ्याचं दुखणं घेऊन मी आतापर्यंत दोनदा एसटीने गावी जाऊन आले.

महोदय, माझा पत्ता पूर्ण होता. त्या पत्त्यावर टपाल वाटायची सोय अजून कुणी केलेली नाही, एवढाच त्या शेऱ्याचा अर्थ आहे. दोन वर्षं मी अर्ज केले, फोन केले, रांगेत उभी राहिले. तोंडी आश्वासनं मिळाली, लेखी काही मिळालं नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. शहराच्या कडेला नव्या घरांत राहायला गेलेल्या कितीतरी कुटुंबांची हीच गत आहे, आणि त्यांनीही ते वाचावं असं मला वाटतं.

2024 च्या अक्षय तृतीयेला आम्ही साताऱ्याहून इथे राहायला आलो. साताऱ्यात शुक्रवार पेठेत आमचा 26 वर्षांचा संसार झाला. मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे पत्त्याचं महत्त्व मला नव्याने कुणी सांगायला नको. सहावी-सातवीच्या मुलांकडून पत्रलेखनात पत्ता उजव्या बाजूला नीट लिहून घेण्यात माझी हयात गेली. नव्या घरी टपाल सुरू व्हावं म्हणून जे जे करायला हवं ते मी पहिल्या महिन्यात केलं. साताऱ्याच्या पोस्टात पत्ता बदलल्याचा अर्ज दिला आणि तिथल्या लोकांनी माझी पाकिटं इमानाने पुढे पाठवलीही. बँक, विमा, पेन्शन, गॅस, मतदार यादी, सगळीकडे नवा पत्ता दिला. गावच्या तलाठी कार्यालयातही दिला. तो दिला नसता तर नोटीस साताऱ्याला गेली असती आणि पेठेतल्या पोस्टमनने ती मला पोचवली असती, हा विचार मनातून जात नाही.

आधारवर पत्ता बदलताना पहिल्यांदा शंका आली. पिनकोड टाकला की त्याखाली येणाऱ्या पोस्टांची नावं समोर येतात, त्यातलं आपलं निवडायचं. बिल्डरने ताबा देताना जो पिनकोड लिहून दिला होता त्याखाली आमच्या गावाचं नावच नव्हतं. मुलाने शेजारच्या संकुलात विचारलं, त्यांनी दुसराच पिन सांगितला. तिसरा पिन आमच्या घरपट्टीच्या बिलावर आहे. एकाच फाटकातून आत येणाऱ्या माणसांचे तीन पिनकोड आहेत, आणि त्यातला खरा कुठला हे आजपर्यंत आपल्या खात्याने आम्हाला लिहून दिलेलं नाही.

मी तिन्ही पोस्टांत गेले. मोठ्या रस्त्यावरच्या उपडाकघरात सांगितलं, रस्त्याच्या पलीकडचा भाग आमच्याकडे नाही. जुन्या गावठाणातल्या शाखा डाकघरात सांगितलं, जुना गाव आमचा, टॉवर आमच्या यादीत नाहीत. शहरातल्या प्रधान डाकघरात खिडकीवरच्या ताईंनी नकाशा काढून मनापासून शोधलं आणि शेवटी म्हणाल्या, हे विभागीय कार्यालयातून ठरेल. विभागीय कार्यालय म्हणजे आपण. आपल्याकडे मी पहिला अर्ज 2024 च्या श्रावणात दिला, त्याची पोच माझ्याजवळ आहे. दुसरा दिवाळीनंतर. तिसरा गेल्या उन्हाळ्यात, 140 कुटुंबांच्या सह्यांसह. उत्तर निघालं असेल तर ते माझ्यापर्यंत आलेलं नाही.

पिनकोड ही व्यवस्था ज्यांनी घडवली ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, सिंधुदुर्गातल्या केळूसचे. संस्कृतचे मोठे पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी. एकाच नावाची अनेक गावं, पत्ते लिहिण्याच्या अनेक भाषा आणि लिप्या, त्यात पाकिटं चुकायची. त्यावर उपाय म्हणून 15 ऑगस्ट 1972 पासून सहा आकडे आले. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, आपला चार; पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा ठरतो; आणि शेवटचे तीन आकडे पाकीट कुठल्या कार्यालयातून वाटपाला निघणार ते सांगतात. वर्गात मी हे फळ्यावर लिहून शिकवलं आहे. शेवटच्या तीन आकड्यांत चूक असली तर पाकीट भलत्याच पोस्टात उतरतं, तिथून ‘मिसेंट’चा शिक्का घेऊन दुसरीकडे जातं, तिथेही कुणी ओळख दाखवली नाही की पाठवणाऱ्याकडे परत. आमच्याकडे येणाऱ्या पाकिटांवर दोन-दोन, तीन-तीन ठिकाणचे शिक्के असतात. देशात 1 लाख 64 हजारांहून अधिक डाकघरं आहेत असं आपलं खातं अभिमानाने सांगतं, आणि तो अभिमान मलाही आहे. त्यातलं आमचं कुठलं, एवढंच आम्हाला सांगा.

दुसरी अडचण विंगची. आमच्या संकुलाचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात ए ते ई अशा विंग झाल्या. दुसरा टप्पा त्याच नावाने विकला आणि त्यातही पुन्हा ए पासून सुरुवात केली. माझं घर ए-704. पलीकडच्या टप्प्यातही एक ए-704 आहे. तिथे एक तरुण जोडपं राहतं, दोघंही नोकरीला जातात. बँकेचं माझं नवीन कार्ड त्यांच्या दारात गेलं, दाराला कुलूप होतं, ‘घर बंद’ असा शेरा बसला आणि कार्ड परत गेलं. मी त्या वेळी माझ्या घरी डाळ निवडत बसले होते. यात आपल्या माणसाची चूक नाही, हे मी पहिल्यांदा सांगते. चूक बिल्डरची आहे, ती सुधारायची जबाबदारी महापालिकेची आणि आम्हा रहिवाशांचीही आहे. आमच्या बाजूने आम्ही ती सुधारली, पुढे लिहिते.

आता आपल्या माणसाविषयी. आमच्या बाजूला टपाल घेऊन येतात ते ग्रामीण डाक सेवक आहेत. त्यांचं मानधन दिवसाच्या चार-पाच तासांच्या कामाचं. स्वतःच्या मोटरसायकलवर, स्वतःच्या पेट्रोलची काळजी करत, दुपारी दीडच्या उन्हात येतात. एकदा मी त्यांना सुरक्षारक्षकाच्या केबिनशेजारी बसवून पाणी दिलं. त्यांनी थैली पायाशी ठेवली आणि वरची पाकिटं बाजूला करून खालचा गठ्ठा दाखवला; रबर लावलेला, बोटभर जाड, सगळा आमच्या संकुलाचा. म्हणाले, “बाई, मी लागलो तेव्हा माझ्या हद्दीत साडेतीनशे उंबरे होते. प्रत्येक घराला ओळखत होतो. आता एवढ्या एका फाटकात सहाशे घरं आहेत, आणि अशी चार फाटकं झाली.” आमच्या संकुलात 612 सदनिका आहेत. बावीस मजले. लिफ्टला रहिवाशांचं कार्ड लागतं, ते त्यांच्याकडे नाही. फाटकावरचा रक्षक त्यांना आत सोडायला तयार नसतो, कारण त्यांच्याजवळ फोनवर परवानगी मागणारं ते अ‍ॅप नाही. खाऊ आणि किराणा आणणाऱ्या पोरांना ते आहे. टपाल आणणाऱ्या माणसाला नाही. हे लिहिताना आमच्या सोसायटीची मला लाज वाटते, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय मी स्वतः मांडणार आहे.

पण महोदय, साडेतीनशे उंबऱ्यांसाठी नेमलेल्या एका माणसाला दोन हजारांच्यावर घरं सोपवून आपण त्याच्याकडून काय अपेक्षा करता? साधं टपाल तो रक्षकाच्या टेबलाखालच्या खोक्यात टाकतो. त्या खोक्यात पहिल्या पावसाळ्यात पाणी गेलं. मी आणि बी विंगमधल्या एक वहिनी मिळून तो लगदा बाहेर काढला आणि एकेक पाकीट सोडवत फरशीवर वाळत घातलं. विम्याच्या हप्त्याच्या पावत्या, दवाखान्याचे रिपोर्ट, एक लग्नपत्रिका, वारी करून आलेल्या कुणा आजोबांनी नातवाला पाठवलेलं पोस्टकार्ड. पोस्टकार्डावरची शाई पसरली होती. नाव वाचता आलं नाही म्हणून ते आजही माझ्या कपाटात आहे. ज्याचं असेल त्याने घेऊन जावं म्हणून मी फाटकावर चिठ्ठी लावली होती, कुणी आलं नाही.

रजिस्टर आणि स्पीड पोस्टचं त्याहून वाईट. त्यावर सही हवी, म्हणजे दारापर्यंत जायला हवं. दारापर्यंत जाता येत नाही, म्हणून शेरा. ‘घर बंद’, ‘पत्ता अपूर्ण’, ‘व्यक्ती सापडत नाही’. नियमाप्रमाणे सूचनेची चिठ्ठी टाकायची आणि पाकीट सात दिवस पोस्टात ठेवायचं. ही चिठ्ठी दोन वर्षांत आमच्या विंगमध्ये एकाही घराला मिळालेली नाही. मी दारोदार विचारून खात्री केली आहे. सी विंगमधल्या मुलीचा पासपोर्ट असाच परत गेला, तेव्हा तिच्या परदेशी प्रवेशाला तीन आठवडे उरले होते आणि वडिलांनी रजा टाकून पासपोर्ट कार्यालयाच्या खेपा घातल्या. एसटीतून निवृत्त झालेल्या एका चालकांचं एटीएम कार्ड तीन वेळा परत गेलं; ते अजून दर महिन्याला पासबुक घेऊन जुन्या गावच्या शाखेत पैसे काढायला जातात. 2025 मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आणि नोंदणी ही त्यावरची जादा सेवा झाली. नाव बदललं, तरी दारापर्यंत येण्याचा प्रश्न आमच्याकडे तसाच राहिला.

त्या शेऱ्याला किती वजन असतं हे मला वकिलांकडे गेल्यावर कळलं, आणि ते सगळ्यांना कळावं म्हणून सविस्तर लिहिते. 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं 27 वं कलम असं आहे की, योग्य पत्ता लिहून, टपालखर्च भरून, रजिस्टरने पाकीट टाकलं की ते नेहमीच्या वेळेत पोचलं असं धरायचं. पोचलं नाही हे ज्याला म्हणायचं असेल त्याने सिद्ध करावं. न वटलेल्या धनादेशाच्या नोटिसा, भाडेकरूच्या नोटिसा, बँकेच्या वसुलीच्या नोटिसा याच भरवशावर निघतात. ‘घेण्यास नकार’, ‘घर बंद’ असे शेरे कोर्टापुढे येतात तेव्हा न्यायाधीश आपल्या पोस्टमनच्या हस्ताक्षरावर विश्वास ठेवतात, आणि तो ठेवायलाच हवा; दीडशे वर्षांहून अधिक काळ या खात्याने तो कमावला आहे. म्हणूनच फाटकाबाहेर उभं राहून लिहिलेला ‘घर बंद’ फार गंभीर आहे. मी घरात असते, दार उघडं असतं आणि कागदावर मी घरी नसते. माझ्या अपिलात मला आता हेच सिद्ध करायचं आहे की माझं घर त्या पत्त्यावर आहे. वीजबिल, घरपट्टी, ताबापत्र, सोसायटीचा दाखला, फाटकाचे फोटो, सगळं जोडलं आहे.

मला काही जणांनी सांगितलं, आता डिजिपिन आलं, सगळं सुटेल. ते मी नीट समजून घेतलं. आपल्या खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रासोबत तयार करून 27 मे 2025 रोजी ते सुरू केलं. देशाची सगळी जमीन सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत वाटली आहे आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांची खूण. माहेरच्या वाडीवस्तीवर, जिथे घरं डोंगरभर विखुरलेली, तिथे याचा फार उपयोग होईल, रुग्णवाहिकेलाही होईल. पण आमच्या टॉवरमध्ये एका चौकोनावर एकावर एक बावीस घरं उभी आहेत आणि बाविसांचं डिजिपिन एकच निघतं. मजला त्यात नाही. शिवाय खूण कितीही नेमकी असली तरी तिथवर चालत यायला माणूस लागतो.

2023 चा टपाल कार्यालय अधिनियम जून 2024 पासून लागू झाला आणि 1898 चा जुना कायदा गेला. नव्या कायद्यात पत्ते कसे लिहावेत, पत्त्याच्या खुणा आणि पिनकोड कसे वापरावेत याचे निकष ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. तो अधिकार दिल्लीत वापरला जाईल तेव्हा जाईल. आमच्या चार फाटकांपुरतं काम आपल्या टेबलावर होण्यासारखं आहे, अशी माझी समजूत आहे. म्हणून मागण्या स्पष्ट लिहिते.

आमच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या संकुलांना कुठलं वाटप कार्यालय आणि कुठला पिनकोड, हे आपल्या सहीने लेखी द्यावं. हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत. त्याची प्रत महापालिकेच्या मिळकतकर विभागाला आणि चारही सोसायट्यांना द्यावी, आणि तिन्ही पोस्टांच्या फलकावर लावावी, म्हणजे खिडकीवरच्या माणसालाही उत्तर देता येईल. ही पहिली मागणी, आणि बाकी काही होण्याआधी ही व्हावी. पिन ठरला नाही तर पुढचं सगळं हवेत राहील.

या भागाची घरं नव्याने मोजून बीट, म्हणजे पोस्टमनची वाटपाची हद्द, नव्याने आखावं. पूर्ण वेळ पोस्टमन द्यावा. शाखा डाकघरातल्या डाक सेवकांवर हे ओझं ठेवू नये. त्यांच्या कामाचे तास आणि मानधन आहे तेवढंच ठेवून घरं वाढवत नेणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि त्यांच्याबद्दल आमची कुणाचीही तक्रार नाही हे या पत्रात मुद्दाम नोंदवते. माझ्या पत्रामुळे त्यांना एक शब्दही ऐकावा लागू नये.

‘पत्ता अपूर्ण’ आणि ‘घर बंद’ हे शेरे तारीख, वेळ आणि स्पष्ट नावासह लिहिले जावेत. पाकिटावर मोबाइल नंबर असेल तर परत पाठवण्याआधी एक फोन व्हावा. सूचनेची चिठ्ठी पडावी आणि सात दिवस पाकीट ठेवलं जावं. यात नवीन काही नाही, आहे तो नियम पाळायचा आहे.

बीट ठरेपर्यंतच्या काळासाठी, आमच्या भागाचं सही लागणारं टपाल एका ठरलेल्या पोस्टात वेगळं काढून ठेवावं आणि आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी सातपर्यंत ती खिडकी चालू ठेवावी. नोकरी करणाऱ्यांना दुपारी दोनला येता येत नाही.

आणि माझ्यापुरती एक विनंती. आषाढातलं ते रजिस्टर पाकीट कुणी, कुठल्या तारखेला, कुठून परत केलं याची नोंद आपल्या कार्यालयात असेल. बारकोडचा क्रमांक मी वेगळ्या अर्जात दिला आहे. त्या नोंदीची सही-शिक्क्याची प्रत मला द्यावी. माझ्या विलंब माफीच्या अर्जाला तोच आधार आहे. हा विषय पुढच्या डाक अदालतीत, म्हणजे टपालाच्या तक्रारींच्या सुनावणीत, घेण्याचा अर्जही मी देते आहे. आपण त्याआधीच निकाली काढला तर मला आनंद होईल.

महापालिकेला एवढंच सांगायचं आहे की गाव हद्दीत घेतलं, घरपट्टी सुरू केली, मग घराला क्रमांक आणि रस्त्याला नाव द्यायचं राहून का गेलं? आम्ही अजून गट नंबरवर राहतो. गट नंबर हा शेताचा पत्ता आहे. तिथे आता शेत नाही, सहाशे घरं आहेत, आणि त्या गटाची पुढे आठ हिश्श्यांत विभागणी झालेली असल्याने एकच नंबर चार संकुलं लिहितात.

बिल्डरांना: 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत सोसायटीच्या कार्यालयाबरोबर टपालपेट्यांच्या खोलीची तरतूद आहे. आमच्याकडे त्या खोलीत विक्री कार्यालयाचं जुनं फर्निचर भरून ठेवलं होतं. पुढच्या टप्प्याला तरी विंगची नावं पुढच्या अक्षरापासून सुरू करा.

आता आमच्या बाजूने काय झालं ते सांगते, कारण नुसतं मागणं मला पटत नाही. गेल्या पौषात दोन्ही टप्प्यांच्या कमिट्या एकत्र बसल्या. दुसऱ्या टप्प्याने आपल्या विंगची अक्षरं बदलायला संमती दिली. त्यांच्या ए ची आता एफ झाली आहे आणि पुढे तशीच. यासाठी तिथल्या लोकांना पुन्हा सगळीकडे पत्ते बदलावे लागणार आहेत, तरी त्यांनी ते मान्य केलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पेट्यांची खोली आम्ही रिकामी करून घेतली, भिंतीला ओल होती ती काढली, रंग दिला. 612 पेट्या बसवल्या आहेत. पत्र्याच्या, कुलपाच्या, प्रत्येकीवर विंग, सदनिका आणि आडनाव मराठीत आणि इंग्रजीत. खोली फाटकाच्या आत डाव्या हाताला पहिलीच आहे, लिफ्ट लागत नाही, पायरीही नाही. आत एक टेबल, खुर्ची, पंखा आणि पिण्याच्या पाण्याचा माठ आहे. सही लागणारं टपाल असेल तर तिथल्या फोनवरून घरी कळवता येतं आणि माणूस खाली येतो. मी आणि माझ्यासारखे सात निवृत्त लोक दुपारी बारा ते तीन आळीपाळीने तिथे बसायला तयार आहोत. घरांची आणि नावांची छापील यादी, विंगप्रमाणे, तीन प्रतींत तयार आहे. एक आपल्या पोस्टमनसाठी, एक वाटप कार्यालयासाठी, एक खोलीत लावायला.

खोलीची एक जादा किल्ली पोस्टमनच्या नावाच्या पाकिटात घालून मी माझ्याजवळ ठेवली आहे. ती कुठल्या कार्यालयात आणून द्यायची तेवढं कळवा. पत्र टपालानेच पाठवणार असाल तर सध्या साताऱ्याच्या पत्त्यावर पाठवा, तिथले शेजारी मला फोन करतील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
ए-704 मधली एक निवृत्त शिक्षिका